१९४२ची ‘पहिली मंगळागौर’ आणि त्यातली बारा-तेरा वर्षांची लता: कसं पाहावं, कसं ऐकावं

माझ्याकडे पेटी शिकायला येणारी मुलं दर वर्षी एकदा तरी विचारतात, “बाई, लताबाई सिनेमात काम करायच्या, हे खरं का?” खरं आहे. मग मी त्यांना ‘पहिली मंगळागौर’मधलं ‘नटली चैत्राची नवलाई’ ऐकवते, आणि दहातली आठ मुलं पहिल्या अर्ध्या मिनिटातच म्हणतात, “हा लताबाईंचा आवाज वाटतच नाही.” या आठांसाठीच हे लिहिते आहे. सबंध चित्रपट हाती लागो, एखादा तुकडा मिळो किंवा नुसतं गाणं, रीत तीच.

आधी एक घोळ मिटवून घ्या. लताबाईंनी पहिलं गाणं म्हटलं ते ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी, सदाशिवराव नेवरेकरांच्या चालीवर: ‘नाचू या गडे, खेळू सारी मनी हौस भारी’. ते अंतिम चित्रपटातून गाळलं गेलं. म्हणून पडद्यावरच्या लताची सुरुवात पाहायची असेल तर ‘किती हसाल’ धुंडाळत बसू नका. त्याच वर्षीची नवयुग चित्रपट कंपनीची ‘पहिली मंगळागौर’ बघायची. तिला संगीत दादा चांदेकरांचं, मुख्य भूमिका स्नेहप्रभा प्रधान आणि शाहू मोडक यांच्या, आणि लताची भूमिका छोटीशी.

पहिल्या खेपेला लताला शोधायचंच नाही. हे मुलांना पटत नाही, पण मी हट्टच धरते. विनोदी चित्रपट आहे, तर आधी हसायला बसावं. त्यासाठी दोन गोष्टींची तयारी लागते.

एक म्हणजे मंगळागौर. नव्या लग्नाची पोर श्रावणातल्या मंगळवारी पूजा मांडते, पाच वर्षं हे व्रत करते, आणि रात्र जागवायची ती फुगड्या, झिम्मा, पिंगा, सासू-सुनेचं लटकं भांडण असल्या खेळांनी. पहिली मंगळागौर म्हणजे माहेर-सासरच्या सगळ्या बायका एका छपराखाली, आणि नवरा-बायकोची अजून नीट ओळखही झालेली नाही. हे मनात असलं की नुसत्या नावावरच १९४०च्या दशकातल्या प्रेक्षकाच्या ओठांवर हसू का आलं असेल ते कळतं. माझ्या आईला मी नाव सांगितलं, तर पुढचं ऐकून न घेताच ती जेवणाच्या टेबलावर दोन्ही तळव्यांनी झिम्म्याचा ठेका धरून बसली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. घरात असं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा. तुम्हाला शब्दकोश लागणार नाही.

दुसरी तयारी कानाची. त्या काळचे बरेच नट संगीत रंगभूमीवर घडलेले, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेले. वाक्य मोठ्याने टाकायचं, मग हशासाठी क्षणभर थांबायचं. आपल्याला ती जागा रिकामी वाटते, पण थिएटरात ती प्रेक्षकांनी भरायची असे. म्हणून आदल्या दिवशी त्याच वळणाचा दुसरा विनोदी चित्रपट पाहून घ्यावा. मी मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ सुचवते, १९३८चा, लेखन आचार्य अत्र्यांचं. पंधरा-वीस मिनिटांत कान सरावतो आणि मग संवाद ओरडल्यासारखे वाटेनासे होतात.

शाहू मोडकांबद्दल एवढं लक्षात ठेवा की दोनच वर्षांपूर्वी, १९४० साली, लोकांनी त्यांना पडद्यावर संत ज्ञानेश्वर म्हणून पाहिलं होतं. तोच चेहरा आता संसाराच्या गमतीत. मला या निवडीतच अर्धा विनोद दिसतो.

दुसऱ्या खेपेला त्या मुलीकडे पाहा. २४ एप्रिल १९४२ला तिचे वडील, मास्टर दीनानाथ, गेले. घरात आई, चार धाकटी भावंडं, आणि सगळ्यांत मोठी ही. तेरावं वर्षही पुरं व्हायचं होतं. मास्टर विनायक या कुटुंबाचे स्नेही. त्यांच्या आधाराने तिला चित्रपटात काम मिळालं. लताबाईंनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की मेकअप, ते दिवे, कॅमेऱ्यापुढे उभं राहणं त्यांना कधीच आवडलं नाही. भुवया जाड दिसतात, कपाळ लहान दिसतं म्हणून केस कापले, तेव्हा घरी येऊन त्या रडल्या होत्या. हे माहीत झाल्यापासून मी त्या चौकटीत आधी कपाळाकडे बघते. चित्र थांबवा आणि तुम्हीही बघा. अभिनय बरा की वाईट, हा प्रश्न मला तिथे विचारावासाच वाटत नाही. एक मोठी बहीण कामावर आली आहे, आणि काम नीट करते आहे.

आता आवाज. इथे जरा खोलात जाते, कारण मुलांचा ‘हा आवाज त्यांचा नाही’ हा गैरसमज अर्धा तरी आपल्या हाती आलेल्या प्रतीच्या वेगामुळे होतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची पद्धत २५ची. टीव्हीवरून उतरवलेली प्रत म्हणूनच बहुधा चार टक्के जास्त वेगाने पळते: दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटं आधी संपतो आणि सगळ्यांचे आवाज पाऊण पट्टीने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या पाऊणपट, चढतात. ग्रामोफोनच्या तबकडीचंही तसंच. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८२-८३ने फिरली की सूर पुरी एक पट्टी वर जातो. कोवळा आवाज आणखी बारीक, पिपाणीसारखा होतो आणि ऐकणारा म्हणतो, ही कोण?

ओळखायचं कसं? पेटी घ्या, गाण्याचा सा धरा. सा काळी दोन आणि पांढरी तीन अशा लगतच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लटकत असेल तर वेगाची शंका घ्यावी. त्या काळच्या पेट्या सगळ्या एकाच मापाला लावलेल्या नसत, म्हणून नुसत्या पेटीवर निकाल देऊ नका. चित्रपट असेल तर पुरुषांचे संवाद ऐका, पोक्त माणूस पोरगेला वाटला की शंका पक्की. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडून वेग चार टक्क्यांनी कमी करा, तबकडीवरची नक्कल असेल तर साडेपाचपर्यंत जा. वेग बदलायचा, नुसती पट्टी नाही. दोन्ही एकत्रच बिघडलेलं असतं. खरखर काढायची सोय मात्र वापरू नका. तिच्याबरोबर श्वास आणि व्यंजनांच्या कडा जातात, आणि आपल्याला ऐकायचं असतं नेमकं तेच.

एवढं झालं की दिवे मालवा, हेडफोन लावा, डोळे मिटा. त्या वेळच्या फिल्मवरच्या ध्वनिमुद्रणात वरच्या कंपनांचा बराच भाग हरवतो. स, श यांसारखे उष्मे बोथट होतात. टिकतात ते आघाताचे वर्ण. ‘नटली’तला ट आणि ‘चैत्राची’तला त्र, या दोन जागी कान ठेवा. मग ‘नवलाई’चा शेवटचा ई कसा सोडला आहे ते ऐका. दीनानाथांच्या घरात शब्द सुराइतकाच जपायची शिस्त होती. ती या वर्णांत सापडते का ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या शिष्यांना मी एवढीच ओळ दहादा म्हणायला लावते. आणि हो, मंगळागौर श्रावणातली आणि गाणं चैत्राचं, हे माझ्या एका आठवीतल्या मुलीने पकडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

या चित्रपटावर थांबू नका. पुढच्या वर्षीच्या, १९४३च्या ‘माझं बाळ’मध्ये ‘चला चला नव बाळा’ आहे, संगीत दत्ता डावजेकरांचं; तिथे दहा वर्षांच्या आशाबाई भेटतात. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकायची ती वेग तपासूनच.

एक विनंती. कुणाच्या माळ्यावर त्या काळातली चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका, तबकडी किंवा छायाचित्र असेल तर रद्दीत घालू नका. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. २००३च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं गेली. चित्रपट हरवतो तेव्हा कधी कधी पुस्तिकाच तेवढी उरते, तीत गाण्यांचे शब्द असतात, नावं असतात. कागद सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका, दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. आमच्या आत्याच्या ट्रंकेत अशा तीन पुस्तिका निघाल्या, साडीच्या घडीखाली. त्यातली एक मी दर श्रावणात काढून मुलांच्या हातात देते, हात धुवायला लावून.