मागच्या यशाचा किस्सा सांगण्याआधी

नवं काम टीमपुढे मांडताना ‘मागच्या वेळी आपण असंच केलं होतं’ हे वाक्य ओठांवर आलं, की क्षणभर थांबा. माझ्या या वाक्यानं एका हुशार सहकारी मुलीला गप्प बसवलं होतं.

जुन्या सर्व्हरवरचा सगळा डेटा आम्ही एकदा एका रात्रीत हलवला होता. पुन्हा तसंच काम आलं, तेव्हा बैठकीची पहिली दहा मिनिटं मी त्या रात्रीबद्दलच बोलत राहिले. या वेळी डेटा तिप्पट आहे आणि बॅकअप नेमका त्याच वेळेला सुरू होतो, हे तिला ठाऊक होतं. ती बोलली नाही. काम मध्यरात्रीनंतर अडकलं आणि पहाटे सगळं पूर्ववत करावं लागलं. नंतर ती म्हणाली, “तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होतात, मला वाटलं तुम्ही ते पाहिलंच असेल.”

म्हणून किस्सा सांगायचाच असेल, तर आधी कागद घ्या. ते काम तेव्हा कशाकशामुळे जमलं? नुसती पद्धत लिहू नका, परिस्थिती लिहा: काम केवढं होतं, माणसं किती होती, मुदत किती होती, कोणती गोष्ट आपसूक जुळून आली. प्रत्येक ओळीसमोर आज काय आहे ते मांडा. मी ही यादी फार उशिरा केली. तिच्यात एक ओळ निघाली: ‘त्या रात्री बॅकअप बंद होता.’ आमच्या यशात त्या गोष्टीचा मोठा वाटा होता, आणि किस्सा सांगताना ती मी कधीच सांगितली नव्हती.

जमलेली रीत सोपी वाट दिसू देत नाही, हे अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये मांडलं. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी वापरून १०० मापं पाणी मोजायचं. १२७ मधून एकदा २१ आणि दोनदा ३ काढले की झालं. अशी काही कोडी सोडवल्यावर २३, ४९ आणि ३ च्या भांड्यांनी २० मापं मोजायला सांगितली, तरी बहुतेकांनी तीच लांबची रीत वापरली. २३ मधून ३ वजा केले की पुरतं! आधीची कोडी न सोडवलेल्यांना हे सहज दिसलं. तुमच्या टीममध्ये नवी आलेली माणसं अशीच असतात, म्हणून ती आधी बोलायला हवीत.

बैठकीत अडचण मांडा आणि तुमचं मत शेवटपर्यंत राखून ठेवा. ‘काही शंका?’ असं विचारलं तर कुणी बोलत नाही. ‘ही योजना फसली, तर कशामुळे फसेल?’ असं विचारून प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू द्या. दोन मिनिटं शांतता राहील, ती राहू द्या. मग चिठ्ठ्या वाचा, सगळ्यांत नव्या माणसापासून सुरुवात करून.

जुने किस्से टाकून द्यावेत असं मी मुळीच म्हणत नाही. टीम घाबरलेली असताना त्यांनी धीर येतो. फक्त तेव्हा कुठे अडलो होतो आणि कुणी सोडवलं, तेही सांगा.

आणि कुणी ‘ते आता चालणार नाही’ म्हणालं, तर बचाव करू नका. ‘तेव्हापासून काय बदललंय?’ एवढंच विचारा, आणि उत्तर त्या व्यक्तीच्या नावासह बैठकीच्या टिपणात लिहा.