नव्या घरात जाताना अपेक्षा कशा ठरवाव्यात: आधी मे महिन्यातलं घर डोळ्यांसमोर आणा

आम्ही लातूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा नोव्हेंबर होता. दुपारीसुद्धा पंखा लागत नव्हता. खिडकीतून वारं यायचं, सोसायटीच्या टाकीत पाणी भरपूर. दूध उतू घातलं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून उठले आणि "घर हवेशीर आहे हो" असं सर्टिफिकेट देऊन गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच हवेशीर घरात रात्री दोन वाजता आम्ही पाचही जण ओल्या फरशीवर बसून होतो. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर नुसतं आकाश. सगळ्यात वरचा मजला आम्हीच हौसेनं मागून घेतला होता, वर कुणाची धडधड नको म्हणून!

घर काही वाईट नाही, आजही तिथंच राहतो. आम्ही पाहिलं होतं नोव्हेंबरातलं घर आणि राहायचं होतं बारा महिने, एवढाच घोळ. घर कोणतं घ्यावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. ठरलेल्या घराकडून काय मागावं, काय मागू नये आणि ते सामान हलवण्याआधी कसं ठरवावं, तेवढंच मी इथं सांगतो.

पायरी १: जुनं घर फुकटात काय देत होतं ते लिहा

जुन्या घराची कुरकूर सगळ्यांना तोंडपाठ असते, ती लिहायची गरज नाही. लिहायचं ते जे आपल्या लक्षातच येत नव्हतं: ओसरी, सावलीत लागणारी गाडी, आपण गावाला गेलो तर म्हशीला वैरण टाकणारा भाऊबंद. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. एकत्र विचारलं की सगळे कर्त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात.

आमच्या आईचा प्रश्न एकच होता, वर्षाची ज्वारी कुठं ठेवायची? तीन पोती. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक पोतं ठेवलं की दुसऱ्या माणसाला उभं राहता येत नाही. बायकोनं विचारलं, कुरडया आणि पापड वाळवायला गच्चीची किल्ली मिळेल का? धाकट्याला क्रिकेटला जागा हवी होती. माझं म्हणणं होतं, मला काहीच नको. पुढं सहा महिने संध्याकाळी सातला कुठं जाऊन बसावं ते कळत नव्हतं, तेव्हा गावचा पार किती कामाचा होता ते उमगलं.

माझं गाव औसा तालुक्यातलं, त्यामुळे घर बदलणं काय असतं हे मी लहानपणीच पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मानानं कुणाला २५०, कुणाला ४००, कुणाला ७५० चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. घरं मजबूत होती, रस्ते आखीव होते. तरी म्हातारी माणसं म्हणायची, उन्हाळ्यात माळवदाखाली जो गारवा होता तो इथं नाही, आणि आळीतली माणसं पार दुसऱ्या टोकाला गेली. माझ्या आजीनं तर नव्या घरात पहिली दोन वर्षं बाज अंगणातच टाकली. घर चांगलं आहे हे तिला पटत होतं, झोप मात्र येत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे यादी करताना लक्षात ठेवा.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढं लिहा: नव्या घरात हे मिळेल, पैसे घातले तर मिळेल, की मिळणारच नाही. तिसऱ्या खान्यातल्या गोष्टी घरातल्यांना आधीच सांगून टाका. आम्ही क्रिकेटचं सांगितलं नव्हतं, आणि पोरगं वर्षभर आमच्यावर रुसलेलं होतं.

पायरी २: पाण्याचं गणित कागदावर करा

मराठवाड्यात "पाणी आहे का?" या प्रश्नाला कुणीच नाही म्हणत नाही. "गेल्या मे महिन्यात नळ किती दिवसांनी आला?" असं विचारा. मालकाला किंवा बिल्डरला विचारून उपयोग नाही. वॉचमन, कामवाल्या मावशी आणि शेजारच्या बिल्डिंगमधला किराणा दुकानदार, या तिघांना वेगवेगळं विचारा. उत्तर जुळलं तर खरं धरा.

आता हिशोब. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलेलं असतं, जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला १३५ प्रमाणे रोज ६७५ लिटर लागतील. नळ आठ दिवसांनी येत असेल तर ५,४०० लिटर साठवण हवी. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दीड दिवसात संपते. काटकसरीनं माणशी ७० लिटर धरलं तरी आठ दिवसांचे २,८०० लिटर होतात. म्हणजे खाली हौद नसेल तर बाकीचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समधून. सोसायटीचे गेल्या वर्षीचे एप्रिल, मे आणि जूनचे हिशोब बघायला मागा. टँकरवर किती गेले ते तिथं दिसतंच.

हे जास्तीचं वाटत असेल तर २०१६ चा उन्हाळा आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत, म्हणजे टाकीच्या डब्यांत, पाच लाख लिटर पाणी होतं. दर वर्षी तशी वेळ येत नाही. पण छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, पैठणचा नाथसागर उशाला असूनही, कित्येक वसाहतींनी आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिलेली आहे. धरण जवळ आहे म्हणजे नळाला पाणी आहे असं नव्हे.

बोअरच्या पाण्याचंही तसंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या बेसाल्टातल्या, म्हणजे काळ्या खडकातल्या, बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल लवकर जाते. हा घराचा दोष नाही, इथल्या जमिनीचा गुण आहे. पाणी तपासून घ्या आणि गिझर दर वर्षी साफ करावा लागणार हे खर्चात धरा. आरओ बसवलं तर बाजूच्या नळीतून जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चालतं. आमच्याकडे आधी ते सरळ मोरीत जायचं आणि आम्ही टँकरवाल्याला फोन करायचो.

पायरी ३: ऊन कोणत्या भिंतीवर येतं ते बघा

घर बघायला एकदा तरी दुपारी चार वाजता जा, आणि शक्य असेल तर रात्री नऊला परत जा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्र अवघड जाते. पश्चिमेच्या भिंतीचंही तेच.

वरचा मजला घेतलाच असेल तर अपेक्षा अशी ठेवा: उन्हाळ्याचे अडीच-तीन महिने एक खोली झोपण्यालायक ठेवायची, बाकी घर सोसायचं. सगळं घर गार करायला गेलात तर बिलानं घाम फुटेल. महावितरणचा दर १०० युनिटांपुढं चढतो आणि ३०० च्या पुढं आणखी चढतो. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला की फरक पडतो, फक्त गच्ची सगळ्यांची असल्यानं सोसायटीला आधी विचारा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी लावा. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आधीच घरात आलेलं असतं.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो. पण समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. शिवाय मोठ्या कूलरची टाकी भर उन्हाळ्यात काही तासांत रिकामी होते. ते पाणी पायरी २ च्या हिशोबात धरायचं राहून जातं. आमचंही राहिलं होतं.

पायरी ४: पलंगाचं माप घेऊन जा

करारात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, चौरस मीटरमध्ये असतो. त्याला १०.७६ ने गुणा. ५५ चौरस मीटर म्हणजे साधारण ५९२ चौरस फूट. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी यात येत नाहीत, आतल्या भिंती मात्र येतात. त्यामुळे पाय ठेवायला मिळणारी जागा त्याहूनही थोडी कमीच. टेप घेऊन जा. कपाट, पलंग आणि फ्रिजची मापं जुन्या घरीच घ्या आणि नव्या घराच्या फरशीवर खडूनं आखा. जिन्याचं वळणही मोजा. आमचं सागवानी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, ते अजून मामाच्या घरी आहे.

पायरी ५: भेग दिसली की पेन्सिल घ्या

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उभ्या असलेल्या कंपाउंडला, ओट्याला, कधी भिंतीलाही बारीक भेगा जातात. शिवाय नवं प्लास्टर वाळताना केसासारखे तडे जातातच. प्रत्येक तड्याला घाबरू नका आणि एकाही तड्याकडं दुर्लक्ष करू नका. तडा जिथं संपतो तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यानंतर बघा. रेघ ओलांडून पुढं गेला, रुंदावला, किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका वर चढत असेल तर इंजिनिअरला बोलवा.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत पदरमोड करून दुरुस्त करावा, असं रेरा कायदा सांगतो. तक्रार लेखी द्या आणि फोटो काढून ठेवा. आमच्या बिल्डरच्या माणसानं गळतीबद्दल तोंडी "उद्या येतो" असं चार वेळा सांगितलं. पत्र दिल्यावर तो आठवड्यात आला. एक लक्षात ठेवा: ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या छोट्या इमारतींना रेरात नोंदणीची सक्ती नाही, आणि तालुक्याच्या गावी तशाच इमारती जास्त. तिथं करारातच दुरुस्तीचं कलम घालून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, मात्र कुठंही बघाच.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या, प्लॉटवर स्वतःचं घर बांधून राहायला जाणार असाल तर रस्ता, ड्रेनेज आणि नळ "पुढच्या वर्षी" होणार आहेत असं ऐकाल. तिन्ही आज नाहीत असं धरून खर्च मांडा. नंतर झाले तर चांगलंच.

पायरी ६: सामान हलवण्याचा दिवस

यावर फार काही नाही. छोटा हत्ती, म्हणजे सामानाचा लहान टेम्पो, आदल्या दिवशी ठरवा आणि वरच्या मजल्यावर चढवण्याचे पैसे आधीच बोला. पहिल्या रात्रीसाठी गॅस, दोन भांडी, गोधड्या, औषधं आणि पाण्याचा एक जार वेगळा ठेवा. बाकी पोती आठवडाभर बांधलेली राहिली तरी आभाळ कोसळत नाही. वीज मीटरवरचं नाव, गॅस आणि आधारचा पत्ता महिनाभरात उरका.

पायरी ७: एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या

पीओपी, भिंतीतली कपाटं, महागडा सोफा, यातलं काहीही पहिल्या वर्षी करू नका. ओल कोणत्या भिंतीला येते हे पाऊस पडल्याशिवाय कळत नाही, आणि झोपायची खोली कोणती हे मे महिना ठरवतो. आमच्या खालच्यांनी जिथं बेडरूमचं फर्निचर केलं, तिथं आता कुणी झोपत नाही.

माणसांचंही तसंच. गावाकडं न विचारता घरात शिरायचे, इथं दार लावून घेतात म्हणून आई पहिले तीन महिने "ही माणसंच नव्हेत" म्हणायची. मग उन्हाळ्यात गच्चीची किल्ली मिळाली. कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन ती वर गेली, तर तिथं आधीच तीन बायका साड्या अंथरून बसलेल्या. त्या दिवसानंतर आईची तक्रार आली नाही. म्हाताऱ्या माणसांकडून महिन्याभरात रुळण्याची अपेक्षा धरू नका. त्यांना रोज करायला काही तरी ओळखीचं काम मात्र मिळेल असं बघा.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. जे खटकेल ते तारखेसकट त्यावर लिहा आणि त्या दिवशी त्यावर भांडू नका. आमच्या कागदावर अकरा नोंदी होत्या. दुसऱ्या दिवाळीपर्यंत सहा आपोआप खोडल्या गेल्या, तीन पैसे घालून मिटल्या. ज्वारीची दोन पोती आता गावी चुलत्याकडं असतात आणि एक पलंगाखाली. राहिल्या दोन नोंदी: वरचा स्लॅब मे महिन्यात तापतोच, आणि क्रिकेटला जागा नाही ती नाहीच.