कॉलेज खेळांची नवी वाहिनी घरी आणताना या चुका टाळा

२२ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेत कॉलेज खेळ दाखवणारी एसीसी नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली आणि पुढच्याच गुरुवारी, २९ तारखेला, तिच्यावर पहिला अमेरिकन फुटबॉलचा सामना होता: जॉर्जिया टेक विरुद्ध क्लेमसन, ही दोन विद्यापीठे. माझा भाचा तेव्हा जॉर्जिया टेकमध्ये एम.एस. करत होता. रात्री आठचा सामना पाहायला तो दोन मित्रांना घेऊन आमच्या घरी आला होता. भेळेच्या ताटल्या हातात होत्या, दूरदर्शनसंच सुरू होता, आणि पडद्यावर कुलपाचे चित्र व त्याखाली या वाहिनीचे सदस्यत्व आपल्याकडे नसल्याची एक ओळ एवढेच दिसत होते. दोनच दिवसांपूर्वी मी केबल कंपनीला फोन केला होता आणि ‘हो, ती वाहिनी आमच्याकडे आहे’ असे उत्तर मला मिळाले होते. ते उत्तर खरेच होते. ‘ती माझ्या पॅकेजमध्ये आहे का?’ हा प्रश्न मात्र मी विचारलाच नव्हता.

तेव्हापासून ओळखीतल्या अनेक मराठी कुटुंबांना, विशेषतः नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना, मी या वाहिन्या जोडून देत आलो आहे. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस त्याच त्या चुका पुन्हा दिसतात, म्हणून त्या येथे नीट मांडत आहे.

कंपनीकडे असणे आणि आपल्या पॅकेजमध्ये असणे

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि मोठ्या गटांच्या स्वतःच्या नावाच्या वाहिन्या आहेत. बिग टेन नेटवर्क २००७ मध्ये, एसईसी नेटवर्क २०१४ मध्ये आणि एसीसी नेटवर्क २०१९ मध्ये सुरू झाले. केबल कंपनी अशा वाहिनीला प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. त्यामुळे वाहिनीला स्वतःचे स्थान सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त घरांत असलेल्या पॅकेजमध्ये हवे असते, तर कंपनीला ती फक्त हौशी प्रेक्षकांच्या महागड्या क्रीडा-पॅकेजमध्ये ठेवायची असते. या ओढाताणीतून बहुतेक वेळा जो तोडगा निघतो तो असा, की गटातील विद्यापीठे ज्या राज्यांत आहेत तेथे वाहिनी साध्या पॅकेजमध्ये मिळते आणि इतर राज्यांत तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणूनच एका राज्यातील मित्राला जी वाहिनी आपोआप मिळते, ती दुसऱ्या राज्यात त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या पॅकेजमध्ये नसू शकते. मित्राचे पॅकेज पाहून आपले पॅकेज घेणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

इंटरनेटवरून दूरदर्शन देणाऱ्या सेवांचेही तसेच आहे. यूट्यूब टीव्ही आणि हुलूच्या लाइव्ह टीव्हीमध्ये या तिन्ही वाहिन्या मूळ पॅकेजमध्येच येतात. स्लिंगचे गणित निराळे आहे: तेथे एसीसी आणि एसईसी नेटवर्कसाठी ‘ऑरेंज’ पॅकेजला क्रीडा-जोड, म्हणजे क्रीडा वाहिन्यांचा जास्तीचा संच, घ्यावी लागते आणि बिग टेन नेटवर्कसाठी ‘ब्लू’ पॅकेजला. ब्लू घेऊन, वर क्रीडा-जोडीचे पैसे भरून, एसीसी नेटवर्क शोधत बसलेले विद्यार्थी मला भेटलेले आहेत.

त्यामुळे फोनवर किंवा चॅटवर वाहिनीचे पूर्ण नाव, आपल्या पॅकेजचे बिलावर छापलेले नाव आणि आपला पिनकोड, म्हणजे तेथील झिप कोड, या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात सांगाव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे. चॅटचा उतारा जपून ठेवला, तर पुढे बिलात फरक पडल्यास तोच उपयोगी पडतो.

वाटाघाटी चालू असताना नुसते थांबणे किंवा घाई करणे

नवी वाहिनी सुरू होण्याच्या दिवशी सगळ्या कंपन्यांशी करार झालेले असतीलच, असे नाही. बिग टेन नेटवर्क ३० ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले आणि तिसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, त्यावर एक असा सामना झाला की जो आजही लोक विसरलेले नाहीत: खालच्या विभागातील अ‍ॅपलाचियन स्टेटने देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीशी तेव्हा करार झालेला नसल्याने तिच्या लक्षावधी ग्राहकांच्या घरी ती वाहिनीच नव्हती. तो करार जून २००८ मध्ये झाला. एसीसी नेटवर्कच्या बाबतीत तर कॉमकास्टच्या ग्राहकांना डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, थांबावे लागले. पॅक-१२ या आणखी एका गटाच्या नेटवर्कचा अनुभव याहून कठीण होता. ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीचा डायरेक्टटीव्ही या उपग्रह-दूरदर्शन कंपनीशी करार कधीच झाला नाही आणि ३० जून २०२४ रोजी ती बंद पडली. तिच्यासाठी डायरेक्टटीव्हीवर थांबून राहिलेल्यांच्या पदरी बारा वर्षांत काहीच पडले नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच खर्चिक आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस डिस्ने आणि यूट्यूब टीव्ही यांच्यातील करार संपला, तेव्हा डिस्नेच्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर ईएसपीएनच चालवत असलेली एसीसी आणि एसईसी नेटवर्कही एका रात्रीत तेथे बंद झाली. ऐन हंगामातले दोन शनिवार वाया गेले आणि १४ नोव्हेंबरला नवा करार होऊन वाहिन्या परत आल्या. त्या दोन आठवड्यांत रागाच्या भरात लांब मुदतीचा करार करून दुसरीकडे गेलेल्या माणसाला तो निर्णय पुढे महिनोन्‌महिने निस्तरावा लागतो, कारण मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास दंड लागू शकतो. माझे मत असे आहे, की ज्या सेवेला महिन्याच्या महिन्याला सोडता येते तीच हंगामापुरती जोडीला घ्यावी, आणि जुनी सेवा बंद करण्यापूर्वी नव्या सेवेवर तो सामना प्रत्यक्ष सुरू झालेला आपल्या डोळ्यांनी पाहावा. तक्रार करायची असल्यास ती विद्यापीठाकडे नव्हे, आपण ज्यांना पैसे देतो त्या कंपनीकडे करावी. वाटाघाटीत ग्राहकांच्या मागणीला थोडेतरी वजन असते ते तेथेच.

सारख्या नावांची गल्लत

एसीसी नेटवर्क आणि एसीसी नेटवर्क एक्स्ट्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चोवीस तासांची वाहिनी आहे. दुसरी फक्त ईएसपीएनच्या अ‍ॅपवर दिसते आणि सेट-टॉप बॉक्सच्या यादीत तिला स्वतःचे स्थान नसते. एसईसी नेटवर्क आणि एसईसी नेटवर्क प्लस यांच्यातही हाच फरक आहे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात सामन्यापुढे ‘एक्स्ट्रा’ किंवा ‘प्लस’ असे लिहिलेले असेल, तर रिमोटवर वाहिनी शोधण्यात वेळ न घालवता अ‍ॅप उघडावे. बिग टेनचे ‘प्लस’ याहूनही वेगळे आहे: ती स्वतंत्र पैसे घेणारी सेवा आहे आणि बिग टेन नेटवर्क घरी असले तरी ती त्याबरोबर येत नाही.

ईएसपीएनने २१ ऑगस्ट २०२५ रोजी केबलशिवाय थेट घेता येणारी सेवा सुरू केली, तेव्हापासून यात आणखी एका गोंधळाची भर पडली आहे. तिच्या ‘अनलिमिटेड’ योजनेचा सुरुवातीचा दर महिना २९.९९ डॉलर होता आणि तीत एसीसी व एसईसी नेटवर्क दोन्ही येतात. ‘सिलेक्ट’ ही स्वस्त योजना पूर्वीच्या ईएसपीएन प्लसचेच नवे नाव आहे. तीत या वाहिन्या नाहीत. बिग टेन नेटवर्क मात्र फॉक्स या दुसऱ्या माध्यम कंपनीच्या बाजूचे असल्याने ईएसपीएनच्या कोणत्याच योजनेत मिळत नाही. त्याच दिवशी सुरू झालेल्या फॉक्स वन या सेवेत ते मिळते. पैसे भरण्यापूर्वी आपले विद्यापीठ कोणत्या गटात आहे आणि त्या गटाची वाहिनी कोणाच्या मालकीची आहे, एवढे पाहिले तरी निम्मी धावपळ वाचते.

सगळे ठीक असूनही पडदा काळाच राहतो तेव्हा

पॅकेजमध्ये वाहिनी असल्याची खात्री झाली असेल, तर दोष बहुधा बॉक्समध्ये किंवा लॉगिनमध्ये असतो. नवी वाहिनी यादीत दिसतच नसेल, तर प्रथम यादीला ‘आवडत्या वाहिन्या’ची चाळणी लागलेली नाही ना, हे पाहावे; जुन्या आवडत्यांच्या यादीत नवी वाहिनी आपोआप शिरत नाही. वाहिनी दिसते पण कुलूप आहे, असे असेल, तर बॉक्सची वीज काढून मिनिटभराने परत जोडावी आणि तरीही उपयोग न झाल्यास कंपनीला बॉक्सकडे परवानगीचा संकेत नव्याने पाठवायला सांगावे. त्यांच्या भाषेत याला ‘रिफ्रेश सिग्नल’ म्हणतात आणि हे दोन शब्द उच्चारले, की पुढील प्रश्नोत्तरे बरीच कमी होतात. बॉक्स फार जुना, एचडी नसलेला असेल, तर नवी वाहिनी त्यावर येणारच नाही अशीही शक्यता असते. मग तो बदलून मागावा.

अ‍ॅपवर पैसे भरूनही ‘आपल्या पॅकेजमध्ये ही वाहिनी नाही’ असे दिसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पॅकेज बदलण्यापूर्वी केलेले लॉगिन. अ‍ॅपने जुनी परवानगी लक्षात ठेवलेली असते. पूर्ण बाहेर पडून केबल कंपनीच्या खात्याने पुन्हा आत शिरले, की बहुधा काम होते. घरातील मुख्य खातेदाराने इतर सदस्यांच्या लॉगिनवर बंधने घातलेली असतील, तर वडिलांच्या फोनवर दिसणारी वाहिनी मुलीच्या फोनवर दिसत नाही. ती बंधने मुख्य खात्यातूनच काढावी लागतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी घरचे यूट्यूब टीव्ही वापरताना हेही लक्षात ठेवावे, की एका वेळी तीनच ठिकाणी ते पाहता येते आणि तीन महिन्यांतून एकदा तरी ते मूळ घराच्या परिसरातून उघडावे लागते.

हे सगळे सामन्याच्या आदल्या दिवशी करावे. सामना सुरू होण्याच्या सुमारास ग्राहक सेवेची रांग किती लांबते, हे मी भाच्याच्या शेजारी बसून अनुभवले आहे. आम्ही फोनवर ताटकळत होतो आणि तो मोबाइलवर धावफलक वाचून दाखवत होता. तो सामना क्लेमसनने ५२-१४ असा जिंकला.

पालकांसाठी

पुण्या-नाशकाहून पालक अनेकदा विचारतात, की मुलाने तेथे घेतलेल्या सेवेचे लॉगिन वापरून भारतात सामना पाहता येईल का. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात आणि ईएसपीएनची ही अमेरिकी सेवा अमेरिकेतच चालते; लॉगिन अचूक असले तरी भारतात ती उघडत नाही, म्हणून केवळ त्यासाठी मुलाला महिन्याचे पैसे भरायला लावू नये. सामन्याच्या वेळी मुलाशी बोलायचे असेल, तर वेळ मात्र नीट मोजावी: पूर्व किनाऱ्यावरील शनिवार दुपारी बाराचा सामना भारतात रात्री साडेनऊला सुरू होतो आणि संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर याच वेळा साडेदहा आणि सहा अशा होतात.