जुनापाणीला पोरांना नेताय? मग एकच वर्तुळ धरा

रविवारी पोरांना कुठं न्यायचं म्हटलं की नागपुरात उत्तर ठरलेलं, फुटाळा नाहीतर अंबाझरी, आणि पाहुणे आलेले असतील तर रामटेक. काटोल रोडवर शहरापासून १०-१२ किलोमीटरवर जुनापाणी आहे हे अर्ध्या नागपूरला माहीतच नाही. शिळावर्तुळं आहेत तिथं, म्हणजे मोठमोठे काळे धोंडे गोलात मांडलेले, आणि एकदोन नाही, परिसरात ३०० च्या आसपास वर्तुळं नोंदलेली आहेत. वय अडीच-तीन हजार वर्षं. रामटेकचं केवल नरसिंह मंदिर वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं, त्याच्याही हजारेक वर्षं आधीचं हे.

पण आधीच सांगते, नुसतं जाऊन उभं राहिलात तर दहा मिनिटात परत याल. आमच्या सासूबाई काटोलकडच्या, जन्म वावरात गेलेला, त्यांनी गाडीतून उतरून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "काऊन वं, हे तं आपल्या धुऱ्यावरचे धोंडे, याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलं?" त्यांचं चुकलं नव्हतं, इथं कळस नाही, मूर्ती नाही, सेल्फी काढावा असं काही नाही. म्हणून जरा तयारी करून जायचं.

जायचं कधी, तर नोव्हेंबर संपता संपता ते फेब्रुवारी. आम्ही पहिल्यांदा ऑक्टोबरात गेलो, गवत पोरांच्या कमरेएवढं, वर्तुळ सोडा दगडही धड दिसेना, वर सापाची भीती, तसेच परत आलो. उन्हाळ्याचं तर नावच काढू नका. थंडीत सकाळी साडेसातपर्यंत पोचा आणि साडेदहाला निघा. सकाळीच का ते पुढे सांगते. पाणी, टॉयलेट, सावली यातल्या कशाच्याही भरवशावर जाऊ नका, सगळं घरून करून आणि घेऊन निघायचं. बूट बंद हवेत, चप्पल नको. सोबत एक लांब दोरी घ्या, दर मीटरला गाठ मारलेली, शिवाय टॉर्च, छत्री, वही-पेन्सिल.

आणि एक, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय याच बाजूला आहे, पण ते आधी करायचं नाही. वाघ आधी दाखवला की दगड संपले.

पोचल्यावर सगळीकडे हिंडू नका. ३०० वर्तुळं आहेत म्हणून ३०० बघायची नसतात, एक चांगलं शाबूत वर्तुळ निवडा आणि तिथंच दीड तास काढा. पोरांना आधी दगड मोजायला लावा, एकाने उजवीकडून आणि दुसऱ्याने डावीकडून. सुरुवातीच्या दगडाशी जमिनीवर टोपी ठेवायची, खडूची खूण करायची नाही. आमच्याकडे मोठ्याचे १९ आले आणि धाकटीचे २२, भांडण झालं, मग बघितलं तर तिने मातीत अर्धे बुडालेले पण धरले होते. मग दोरीने आरपार माप घ्या, दोन दिशांनी, आणि गोल खरंच गोल आहे की लांबट ते वहीत काढायला सांगा.

हे होईपर्यंत पोरं विचारतातच की मधे काय आहे, तेव्हा सांगायचं, आधी नाही. मधे माणसं पुरलेली असायची. लोखंड वापरणारे लोक होते हे, मेलेल्याबरोबर त्याच्या वस्तू ठेवायचे, वरून माती आणि गोटे भरायचे आणि कडेने हे धोंडे. इथल्या खोदकामात लोखंडाचे खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, बांगड्या, घोड्याचे लगाम असं सापडलंय, आणि काळी-तांबडी मडकी. मडकं उपडं ठेवून भाजलं की आतून आणि काठाला काळं राहतं, बाहेरून तांबडं होतं, हे पोरांना फार आवडतं. जवळच्याच माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने निघाले. आमचा मोठा तेव्हापासून घोड्यावरच अडकलाय.

आता टॉर्च आणि छत्रीचं. काही दगडांवर छोटे गोल खळगे कोरलेले आहेत, वाटीच्या तळाएवढे, ओळीत नाहीतर फुलीच्या आकारात. भर उन्हात ते अजिबात दिसत नाहीत, सकाळचं तिरपं ऊन असलं की प्रत्येक खळग्यात सावली पडते आणि एकदम उठून दिसतात. ऊन वर आलं असेल तर छत्रीने दगडावर सावली करा आणि टॉर्च समोरून न मारता दगडाला अगदी कडेने, आडवा धरा. धाकटीने असा धरला आणि ओरडलीच, "आई, याला तं देवी आली होती!" म्हणजे देवीच्या रोगाचे वण वाटले तिला ते. पाणी, खडू, हळद काही लावून खळगे उठवायचे नाहीत.

१८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या वर्तुळांबद्दल लिहिलं, त्याला असले खळगे विलायतेतल्या दगडांवरच्या खळग्यांसारखे वाटले होते. हल्लीच्या काही अभ्यासकांचं म्हणणं की खळगेवाले दगड वर्तुळात ठरावीक दिशांनाच येतात, म्हणजे सूर्य-ताऱ्यांशी संबंध असावा. तुम्ही पण तपासा, वर्तुळाच्या मधोमध उभं राहून मोबाईलच्या कंपासने दिशा बघा आणि लिहा. फोन दगडाला टेकवू नका, या काळ्या दगडात लोहखनिज असतं, सुई भरकटते.

दगडावर चढायचं नाही, हलवायचं नाही, खाली पडलेला खापराचा तुकडाही खिशात घालायचा नाही. ही संरक्षित जागा आहे, नासधूस केली तर कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे पोरांना नीट सांगा, मोठ्यांना आधी सांगा.

डबा मात्र तिथं उघडू नका. आम्ही सतरंजी अंथरतच होतो, तर सासूबाई, ज्या तोवर एका झाडाखाली बसून सगळं ऐकून राहिल्या होत्या, ताडकन उठल्या, "मेलेल्या माणसाच्या उशाशी पाटवडी खाता का?" गुमान सतरंजी गुंडाळली आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून खाल्लं. परत निघताना त्यांनी त्या वर्तुळाला लांबूनच हात जोडले. येताना काटोल रोडला संत्री घ्या, त्या दिवसात असतातच.

घरी आल्यावर मोजे सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. आम्ही टाकले, आणि कुसळं सगळ्या घराच्या कपड्यांना लागली, शाळेच्या युनिफॉर्मला पण, एकेक उपटत रात्रीचे अकरा वाजले.