‘इन्फर्नो’ वाचताना या चुका टाळा: दांतेचे पापी रडतात, पण पस्तावत नाहीत

घरात कुणी गेलं की गरुडपुराण लावतात, त्यामुळे नरकाचं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं: रौरव, कुंभीपाक, यमदूत आणि भोग सरला की पुढचा जन्म. तेच चित्र घेऊन इटालियन कवी दांतेचा ‘इन्फर्नो’ (त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचा नरकाचा भाग, ज्यात दांते स्वतःच नरकातून प्रवास करतो) उघडला की गडबड होते. इथे भोग सरतच नाही. ‘आत येणाऱ्यांनो, सगळी आशा सोडा’ असं दारावरच कोरलंय. शिक्षेने कुणी सुधारेल ही अपेक्षाही मग बाहेरच ठेवावी लागते. सुधारणारे आहेत, पण ते पुढच्या भागात, ‘पुर्गातोरिओ’च्या डोंगरावर. या 34 सर्गांत त्यांना शोधू नका.

अश्रू दिसले की पश्चात्ताप समजणे. तिसऱ्या सर्गात आकेरोन नदीच्या काठावर नवे आत्मे जमलेत. रडतात, दातओठ खातात, शिव्याशाप देतात. कुणाला? देवाला, आईबापांना, अख्ख्या मानवजातीला, जिथे जन्मलो त्या जागेला, त्या घटकेला. यादीत सगळे आहेत, फक्त स्वतःचं नाव नाही. आणि पलीकडे जायची त्यांनाच घाई झालीय. दैवी न्याय त्यांना असा टोचतो की भीतीचीच ओढ होते, असं दांतेचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल सांगतो. ही ओळ नजरेतून सुटली की पुढचं निम्मं काव्य चुकीचं कळतं.

फ्रान्चेस्काच्या बोलण्यात वाहून जाणे. मीही वाहून गेलो होतो. पाचव्या सर्गात वादळात भिरभिरणारी, दिराच्या प्रेमात पडून नवऱ्याच्या हातून मेलेली ही बाई इतकं गोड, इतकं अदबीने बोलते की ऐकून दांतेच मेल्यासारखा कोसळतो. नायकच कोसळला, मग आपली काय कथा? पण पहिल्यांदा वाचून झालं की एक काम करा. शाळेत करायचो तसं तिच्या वाक्यांतला कर्ता शोधा. एकामागून एक तीन कडवी ‘प्रेम’ या शब्दाने सुरू होतात: प्रेमाने त्याला धरलं, प्रेमाने मला धरलं, प्रेमाने आम्हा दोघांना एकाच मरणाकडे नेलं. कर्ता प्रत्येक वेळी प्रेम, ती नुसती कर्म. मग लान्सलॉट या सरदाराच्या प्रेमाची गोष्ट वाचता वाचता ओठ कसे जुळले ते सांगते आणि खापर फोडते पुस्तकावर, ते लिहिणाऱ्यावर. मारणाऱ्या नवऱ्याची जागा आणखी खाली ठरलेली आहे, हे सांगायला मात्र ती विसरत नाही. दिराशी जे घडलं त्यात ‘मी चुकले’ एवढं एक वाक्य तिच्या तोंडून येत नाही. आणि तो दीर, पाओलो, शेजारी नुसता रडत असतो, अवाक्षर काढत नाही. दांतेला दया आली म्हणजे कवीने तिला माफ केलं असं नव्हे. त्या क्षणी प्रवासी दांते अजून कच्चा आहे. पुढे विसाव्या सर्गात तो पुन्हा रडतो, तेव्हा व्हर्जिल त्याला चांगलाच झापतो.

ताठ मान म्हणजे वीर समजणे. फ्लॉरेन्स शहराचा पुढारी फारिनाता जळत्या थडग्यातून कंबरेपर्यंत वर येतो, जणू नरकालाच तुच्छ लेखतोय. रुबाब आहे, नाही म्हणणार नाही. पण आपल्या पक्षाचे लोक फ्लॉरेन्सला परतू शकले नाहीत, हे त्याला त्या जळत्या बिछान्याहून जास्त सलतं. राजकारण मेल्यावरही चालू! चौदाव्या सर्गातला, देवाला आव्हान देणारा राजा कापानेउस तर आगीच्या पावसाखाली पडून गरजतो, ‘जिवंतपणी जसा होतो, मेल्यावरही तसाच आहे.’ सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ती म्हण याच्यासाठीच असावी. हा माज उतरत नाही हीच तुझी मोठी शिक्षा, असं व्हर्जिल त्याला तोंडावर सुनावतो.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणे. दांतेचा नरक खाली उतरत जाणाऱ्या वर्तुळांचा आहे. वरच्या वर्तुळांतले बरेच जण ‘आमची आठवण जगात राहू दे’ म्हणतात. तळाशी उलटं. बर्फात गळ्यापर्यंत रुतलेला गद्दार बोक्का नाव सांगायला तयार नाही; दांते त्याचे केस उपटतो तरी नाही. शेवटी शेजारीच त्याचं नाव फोडतो. सेनापती ग्वीदो दा मोन्तेफेल्त्रो ज्वाळेतून बोलतो तेही इथून जिवंत परत कुणी जात नाही या भरवशावर. त्याचा ऐकणारा परत गेला आणि सगळं लिहूनही काढलं, हा दांतेचा खास खवचटपणा.

चित्रांवर थांबणे. गुस्ताव्ह दोरेची 1861ची चित्रं जबरदस्त आहेत, पण ती शिक्षा दाखवतात, बोलणं नाही. उगोलिनो या सरदाराचंच घ्या. कैदेत आपल्यासोबत उपाशी मेलेल्या पोरांची कहाणी सांगण्याआधी तो तोंड पुसतो, तेही ज्याने त्यांना कोंडलं आणि ज्याची कवटी तो कुरतडत होता त्या आर्चबिशपच्याच केसांना. कहाणी संपते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तो डोळे तिरके करून, कुत्र्याने हाडूक धरावं तसे, पुन्हा त्याच कवटीत दात रुतवतो.