जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलताय? या चुका टाळा

ऑइल भरायचा वरचा फिलर प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय ऑइल काढायच्या खालच्या ड्रेन प्लगला पाना लावू नका. जुन्या ट्रकचा फिलर प्लग वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे गंजून धरलेला असतो. आधी ऑइल काढून टाकलं आणि मग वरचा प्लग निघेनाच, तर गिअरबॉक्स कोरडा आणि गाडी जागेवर अडकलेली. दोन्ही प्लगच्या आट्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. प्लगला चौकोनी किंवा ॲलन कीची खाच असेल, तर आतला वाळलेला चिखल आधी खरवडून काढा. पाना तळापर्यंत बसला नाही तर खाच गोल होते आणि तासाभराच्या कामाला दिवस जातो.

उघडतोय तो प्लगच आहे ना, हेही पाहून घ्या. गिअरबॉक्सच्या अंगावर रिव्हर्स लाइटचा स्विच असतो, डिटेंटचे, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्याचे, बोल्ट असतात. डिटेंटचा बोल्ट चुकून काढला की स्प्रिंग आणि छर्रा बाहेर येतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागे ट्रान्सफर केस असते. तिचे प्लग वेगळे, आणि बऱ्याचदा ऑइलही वेगळं.

सर्वांत महागात पडणारी चूक: ऑइलची निवड

गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा प्रकार छापलेला असतो. जीएल-५ हा आकडा जीएल-४ पेक्षा मोठा, म्हणून ऑइलही वरचढ, असा समज फार पसरलेला आहे. तो खोटा आहे. जीएल-५ मुख्यतः मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या हायपॉइड (दात एकमेकांवर घासत सरकणाऱ्या) गिअरसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. दातांवर प्रचंड दाब येतो तिथे ती हवीतच. पण जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगा पितळी असतात, आणि गरम झालेल्या ऑइलमधली ही रसायनं पितळाला खाऊ शकतात. काही नवी जीएल-५ ऑइलं पितळाला धक्का लावत नाहीत, तरी दुसरी अडचण उरतेच. सिंक्रोनायझर चालतो घर्षणावर. रिंगेने गिअरच्या शंकूसारख्या भागाला घट्ट पकडून दोन्ही गिअरचा वेग जुळवायचा असतो. फार निसरडं ऑइल ही पकड ढिली करतं आणि गिअर टाकताना करकर होते. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेलं असेल, तर ते जीएल-५ धरूनच चला.

घट्टपणाच्या आकड्यांतही गफलत होते. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ४० ते ५० प्रत्यक्षात जवळपास सारखेच घट्ट असतात. सरसकट सगळ्या ट्रकना ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑइल चालतं असंही नाही. सिंक्रोनायझर नसलेल्या काही जुन्या जड गिअरबॉक्सना ५० ग्रेडचं इंजिन ऑइल लागतं, तर काही पिकअपच्या पाच गिअरच्या बॉक्सला चक्क ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ ऑइल. म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका. गिअरबॉक्सवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर वाचा आणि मॅन्युअलमधलंच ऑइल आणा. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आधी कोणीतरी बदललेला असणं अगदी शक्य आहे.

काढताना आणि भरताना

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून ऑइल कोमट करा. थंड ऑइल तळाचा गाळ मागेच सोडतं. मात्र लांबच्या फेरीनंतर लगेच प्लग काढू नका, हात भाजेल. गाडी उचलायची असेल तर चारही बाजूंनी सारखी उचला आणि स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. फक्त पुढचा भाग उचललेला असेल तर ऑइलची लेव्हल चुकीची दिसते.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा ते बरंच कमी निघालं, तर नवं भरण्याआधी गळती शोधा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या मलमासारखा थर असणं ठीक आहे. बोटांत टोचणारे कण, तुकडे किंवा दाताचा कोपरा दिसला, तर नवं ऑइल ओतून काही साधणार नाही. ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे पितळी रिंगांची झीज. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय, तेव्हा ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाण्याची नळी) तपासा. डिझेल किंवा रॉकेलने आतून धुऊ नका. ते कानाकोपऱ्यात उरतं आणि नवं ऑइल पातळ करतं.

भरताना डबे गरम पाण्यात ठेवले की ऑइल पंपातून सहज चढतं. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा आणि जास्तीचं ओघळून थांबू द्या. बहुतेक बॉक्सना हीच लेव्हल असते. त्याहून जास्त भरलं तर ऑइल फेसाळतं आणि पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर येऊ शकतं.

निमुळत्या आट्यांच्या प्लगला द्रव सीलंट लावा, वॉशर असलेल्या सरळ प्लगला नवा वॉशर. निमुळता प्लग ताकद लावून आवळत गेलात, तर ॲल्युमिनियमचं कवच तडकतं.

बदलल्यानंतर तक्रार आली तर

गिअर फक्त थंडीत जड पडत असतील आणि गरम झाल्यावर मोकळे होत असतील, तर ऑइल जास्त घट्ट आहे. करकर होत असेल तर आधी क्लच तपासा: इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही दात घासले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, दोष ऑइलचा नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येणारा घरघर आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर लेव्हल पुन्हा पाहा. ती बरोबर असूनही आवाज राहिला, तर संशय इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून येणाऱ्या दांड्याच्या) किंवा काउंटर शाफ्टच्या (त्याला समांतर आतल्या दांड्याच्या) बेअरिंगवर आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.