आधी कोपेपॉड, मग मासा: मराठवाड्यातल्या उन्हात मँडरिनचं खाद्य घरी कसं वाढवावं

समुद्री टाकी ठेवणाऱ्याला कधी ना कधी पाइपफिशचा मोह पडतोच. सुतळीएवढं अंग, नळीसारखं तोंड, आणि पोटात जठर नसल्यामुळे दिवसभर थोडं थोडं खात राहण्याची गरज. पण समुद्रघोडे आणि पाइपफिश हे अख्खं कुळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. कुणी देऊ केला तरी घेऊ नका. तीच हौस मँडरिनवर भागते. पश्चिम पॅसिफिकमधला हा निळा-नारिंगी, बोटाएवढा मासा. याचंही तोंड इवलंसं, आणि हाही दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे कवचधारी जीव, टिपत फिरतो. टाकीत पैदास झालेला मिळाला तर तोच घ्या, कारण त्याला गोठवलेल्या बारीक खाद्याची सवय बहुधा असते.

मँडरिन बहुतेक वेळा भुकेने मरतो. माझा पहिला असाच गेला. टाकी जेमतेम दीड महिन्याची होती. मासा अखंड दगड टिपत होता आणि तो खातोय या समाधानात मी होतो. दगडावर काहीच उरलेलं नव्हतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी खाद्य, मग मासा. टाकी निदान सहा महिने मुरू द्या आणि त्या काळात कोपेपॉड वाढवायला शिका.

पाणी बोअरचं वापरू नका, आपल्याकडचं फार जड असतं. आरओचं पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ हवा. त्यात समुद्री मीठ घालून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५ आणा. आरओचं टाकाऊ पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होतं. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिल्यावर ते पाणी मोरीत सोडवत नाही.

आता कोपेपॉड. दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या घ्या. दोन अशासाठी की एकीतले कोपेपॉड कधीतरी मरतातच. टाकीच्याच खारटपणाचं पाणी, साध्या नळीतून सावकाश बुडबुडे (बारीक बुडबुडे काढणारा एअर स्टोन नको), आणि विकत आणलेलं टिस्बी जातीचं बियाणं. वरून हिरवं फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) इतकंच घाला की पाणी फिकट पोपटी दिसेल. दोन-तीन दिवसांत रंग उतरला की पुन्हा घाला. रंग उतरायच्या आत ओतत राहिलात तर पाणी कुजतं. दोन-तीन आठवड्यांनी बादलीच्या कडेला टॉर्च धरा: रव्याच्या कणाहून बारीक पांढरे ठिपके भिंतीवर सरकताना दिसतील. मग आठवड्याला पाव बादली पाणी बारीक जाळीतून गाळून, दिवे मालवल्यावर टाकीतल्या दगडांवर सोडा. तेवढंच नवं खारं पाणी बादलीत भरा.

जोडीला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी; तिची सुकी अंडी विकत मिळतात. दोन लिटरची बाटली उलटी करून तळ कापा. लिटरमागे २५ ग्रॅम बिनआयोडिनचं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा अंडी, खालून जोरात हवा, वर दिवा. २६ ते २८ अंशांना २४ तासांत पिल्लं फुटतात. मे महिन्यात खोलीच चाळीशीकडे जाते, तेव्हा बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. डिसेंबरात दीड दिवसही लागतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि तळाशी टॉर्च लावा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं उजेडाकडे खाली जमतात. तीच नळीने ओढून गाळा आणि गोड्या पाण्यात धुवा. टरफल माशाच्या पोटात अडकतं, म्हणून इथे घाई नको. पिल्लं त्याच दिवशी वापरा, नंतर त्यांच्यातला कस उतरत जातो.

टाकीचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास हवं. चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) परवडला तर उत्तमच. नसेल तर पाण्यावर तिरपा पंखा लावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलरसारखाच तो दोन-तीन अंश उतरवतो. पावसाळ्यात दमट हवेत त्याचा उपयोग घटतो, आणि मे महिन्यात नुसत्या पंख्यावर भागत नाही, खोलीला एसी लागतो. पंख्याने पाणी आटतं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर रोज आरओच्या गोड्या पाण्याची. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असायलाच हवा.

टाकीत दुसरा मँडरिन किंवा कोपेपॉड खाणारे इतर मासे ठेवू नका. रात्री टाकीच्या काचेवर ठिपके महिनाभर सलग दिसले की मासा आणा. थेंब-थेंब टाकीचं पाणी देत तासभर सरावू द्या. पहिले पंधरा दिवस पंप दहा मिनिटं बंद करून त्याच्या तोंडासमोर पिपेटने आर्टेमिया सोडा, दिवसातून तीनदा.

दर रविवारी त्याला वरून बघा. कल्ल्यांच्या मागचं अंग भरलेलं हवं. पाठीशी चिमटल्यासारखी खाच दिसली तर त्याच रात्री दुसरी बादलीही गाळून टाकीत सोडा.